यूष, सूप आणि भाजीची देठे

पंचकर्मानंतरच्या संसर्जनक्रमात पेया व विलेपी यांच्यामागून अकृत आणि कृत यूष येतात, हे व्यवसायबंधूंना नव्याने सांगावयास नको. तथापि चिठ्ठीवर आपण ‘यूष’ लिहावे, घरी त्याचे ‘सूप’ व्हावे आणि सूप म्हणजे दुकानातील पाकीट, असा समज आता आमच्या कुरुंद्यासारख्या गावातही रुजला आहे. अशा पाकिटात बहुधा मक्याचे पीठ, साखर व मीठ यांचाच भरणा असतो. स्नेह, लवण व कटुद्रव्ये यांचा संस्कार नसलेले ते अकृत यूष, ही सुश्रुताची व्याख्या ध्यानी घेतली, तर विरेचनानंतर असे पाकीट देणे हे क्रमाचे उल्लंघनच होय. औषधालयांच्या मालकांनी ही पाकिटे काढ्यांच्या बाटल्यांशेजारी मांडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या शेजारामुळे त्यांना पथ्याची प्रतिष्ठा मिळते.

पर्याय घरातच आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी आणि पुरणाच्या कटाची आमटी करणाऱ्या घरांना तो शिकवावाही लागत नाही, केवळ सुचवावा लागतो. कोथिंबिरीची देठे, मटारची टरफले, गाजराची साल, मुळ्याचा कोवळा पाला असे दोन मुठी जिन्नस स्वच्छ धुऊन, आल्याचा तुकडा व ओल्या हळदीची साल घालून, लिटरभर पाण्यात मंदाग्नीवर अर्धा तास उकळावे आणि गाळावे. (ज्या वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, तिच्या तालुक्यात हळद शोधावी लागत नाही.) फ्लॉवरचे दांडे थोडेच घालावेत, उग्र वास येतो.

मात्र या पाण्यालाच यूष म्हणण्याची घाई काही मंडळी करतात, ती आम्हांस मान्य नाही. सुश्रुताने मूलकयूष श्वास, कास व प्रतिश्याय यांत सांगितले आहे, म्हणजे भाजी यूषाला परकी नाही. परंतु भावप्रकाशातील यूष शिंबीधान्याचे, अठरापट पाण्यात सिद्ध केलेले आहे. देठांच्या पाण्यात क्षार व काही जीवनसत्त्वे उतरतात, प्रथिने नाममात्रच. केवळ त्यावर ठेवलेला रुग्ण उपाशीच राहील. म्हणून अकृत यूष साध्या पाण्यात करावे आणि कृत यूषापासून पुढे मूग शिजविण्यास साध्या पाण्याऐवजी हे पाणी घ्यावे.

वृक्करोग्याच्या बाबतीत तर हयगय नकोच. भाजी उकळली की तिच्यातील पोटॅशियम पाण्यात उतरते. म्हणूनच अशा रुग्णास भाजी उकळून पाणी फेकावयास सांगतात. आपण तेच फेकावयाचे पाणी त्याला पाजले, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयास धोका संभवतो. ‘घरचे आहे, अपाय नाही’ हे वाक्य येथे जिवावर बेतेल. दुधीची साल घेण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास सगळाच टाकावा, कारण उकळल्याने तो विषार जात नाही. हिरवट वा कोंब फुटलेल्या बटाट्याची साल वर्ज्य. फवारणीचे अंश सालीवरच अधिक राहतात, तेव्हा बाजारच्या भाजीपेक्षा परसातली बरी. रोजचे पाणी रोज करावे. उरले तर गोठ्यात द्यावे.

चिठ्ठीवर ‘सूप’ हा शब्द न लिहिता ‘मुगाचे कढण’ लिहिले, तर अर्धे काम होते. उरलेले अर्धे गल्ल्यावर बसणाऱ्याच्या हाती आहे. पाकीट मागणाऱ्यास त्याने एवढेच विचारावे, ‘घरी मूग आहेत ना?’