सांगाडा बदलला म्हणून गाडी परकी होते काय?

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, अडत, बारदान, जीएसटी आणि गुदामांच्या अडचणी यांवर दरसाल अभ्यासपूर्ण लेख येत असतात. यंदा आम्ही जो विषय हाती घेत आहोत, तो वरवर पाहता पोरांच्या हौसेचा वाटेल. रानवाटेने चालणारी एखादी जुनी मोटारसायकल दुसऱ्या सांगाड्यावर पुन्हा उभी केली, तर तिची सरकारदरबारी नोंदणी व्हावी की नाही, आणि व्हावी तर कोणत्या क्रमांकाने, हा तो प्रश्न होय. परंतु ज्यांचे आयुष्य वहीखात्यात गेले, त्यांना या प्रश्नात आपल्याच धंद्यातील एक जुना नियम दिसल्यावाचून राहणार नाही. झालेला बदल लपवावा की लिहून ठेवावा, एवढाच या वादाचा मथितार्थ आहे.

आमच्या मुधोळ भागातील जमीन काळी. मृग नक्षत्राचा पाऊस पडला की गाडीवाटा चिखलाने भरतात. पूर्वी भाव ठरविण्यास, माल पाहण्यास किंवा उधारीच्या वसुलीस कुबेर, तानूर, लोकेश्वरम, बासर या बाजूंना जावयाचे म्हणजे बैलगाडीत दिवस मोडावा लागे. अशा काळी आमच्या तीर्थरूपांनी एक जुनी मॅचलेस मोटारसायकल विकत घेतली. गावात तिला सर्वजण फटफटी म्हणत. हे मॉडेल, म्हणजे ३५० सीसीचे जी-३-एल, दुसऱ्या महायुद्धात इंग्रज लष्करासाठी तयार झालेले. १९४१ पासून त्याच्या पुढच्या चाकास तेलाच्या नळ्यांचे टेलिस्कोपिक फोर्क बसविले जाऊ लागले, म्हणून खाचखळग्यांतूनही हँडल हातात राही. मागच्या चाकास मात्र स्प्रिंग नव्हती, त्यामुळे रस्त्याचा सारा धक्का थेट सांगाड्यास व स्वाराच्या कण्यास बसे. युद्धकाळात अशा सुमारे ८०,००० गाड्या तयार झाल्या. लढाई संपल्यावर लष्कराच्या जादा मालातून त्या खासगी हातांत आल्या. ज्या वाटांनी लष्कराचे निरोपे जात, तसल्याच वाटांनी पुढे व्यापारी आणि ठेकेदार जाऊ लागले.

ही गाडी आमच्या गुदामात पुष्कळ वर्षे पोत्यांच्या थप्पीमागे पडून होती. आमच्या पुतण्याने ती बाहेर काढून दोन वर्षांच्या मेहनतीने पुन्हा उभी केली. इंजिन, गिअरपेटी, पुढचे फोर्क, दोन्ही चाके हे सर्व मूळचेच. बाधा निघाली ती सांगाड्यात. त्या काळचे सांगाडे घडीव सांध्यांत पोलादी नळ्या बसवून पितळेच्या डाकाने जोडलेले असत. नळीत शिरलेले पाणी आतूनच लोखंड खाते व बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. हँडलच्या गळ्याशी तडा गेला होता आणि खालच्या नळ्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. तसल्या सांगाड्यावर माणूस बसविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होते. म्हणून त्याच नमुन्याचा, त्याच काळचा दुसरा सांगाडा जुन्या लोखंडाच्या व्यापाऱ्याकडून मिळवून गाडी त्यावर चढविली. गाडी चालू झाली, कागद मात्र अडले.

कागद का अडले हे सभासदांनी नीट समजून घ्यावे, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या घरचा नाही. वाहनाची ओळख कायद्याने दोन क्रमांकांवर ठेवली आहे, एक इंजिनाचा व दुसरा चासीचा. मोटारसायकलीचा सांगाडा हीच तिची चासी. नोंदणीच्या वेळी किंवा नोंदणीचे नूतनीकरण करताना चासीवर ठोकलेल्या क्रमांकाचा पेन्सिलीने छाप घेऊन तो पुस्तकातील क्रमांकाशी ताडून पाहतात. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५५ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, वाहनावरील इंजिन किंवा चासी क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकाहून भिन्न आढळल्यास, मालकास आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन, नोंदणी रद्द करावी. कलम ५२ म्हणते की, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे सांगितला. सबब ज्या अधिकाऱ्याने आमच्या पुतण्याचा अर्ज परत केला, त्याने कायद्याबाहेर काही केले असे आम्ही म्हणणार नाही. दोष माणसाचा नव्हे, नियमातील पोकळीचा आहे.

ही पोकळी कोणती? कलम ५२ मध्ये फेरबदल या शब्दाचा अर्थही दिलेला आहे. रचनेतील ज्या बदलामुळे वाहनाचे मूलभूत स्वरूप पालटते, तो फेरबदल. आता त्याच कारखान्याचा, त्याच मापाचा, त्याच नमुन्याचा सांगाडा घातल्याने गाडीचे स्वरूप कोठे पालटले? आमच्या अल्पमतीप्रमाणे ते तिळमात्र पालटलेले नाही. पालटला तो केवळ क्रमांक. आणि पालटलेला क्रमांक कायदा पाहतो तो नोंदणी रद्द करण्याचे कारण म्हणून. अर्ध्या शतकापूर्वीच्या गाडीचा सांगाडा बदलल्याची प्रामाणिक नोंद कोणत्या रीतीने करावी, याची सुस्पष्ट वाट आखून दिलेली नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी, ज्यांना व्हिंटेज म्हणतात, स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना त्यांचा लाभ मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते. क्रमांकात व्हीए ही खास अक्षरे येतात. गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास चालत नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. हे नियम चांगले आहेत, आणि ज्यांच्या वाड्यांत अशी वाहने पडून आहेत त्यांनी त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु त्यांत एक अट आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे व त्याच्या चासीत, बॉडीत अथवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. म्हणजे जी गाडी श्रीमंताच्या दिवाणखान्यात झाकून राहिली, ती पात्र. जी पन्नास पावसाळे चिखलातून राबली आणि राबता राबता जिचा सांगाडा मोडला, ती अपात्र. रानवाटेच्या गाड्यांना ही अट विशेष जाचते, कारण अशा गाडीचा सांगाडाच सर्वांआधी झिजतो.

अशा वेळी एक सोपी वाट सुचविणारे लोक भेटतातच. जुना क्रमांक नव्या सांगाड्यावर ठोकून द्यावा, दोन तासांचे काम, कोणास कळणार, असे आमच्या पुतण्यासही एका दलालाने सांगितले. आमच्या घरात या सूचनेवर चर्चादेखील झाली नाही. क्रमांकाशी खेळ हा फौजदारी गुन्हा आहे, ही गोष्ट निराळीच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या दुसऱ्या सांगाड्याचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक? तो एखाद्या चोरीच्या गाडीचा असेल तर त्याचा मूळ क्रमांक खरवडून आपण कोणा अनोळखी माणसाच्या नुकसानीवर मोहोर उठविली असे होईल. शिवाय विमा उतरविताना खोटा तपशील दिला, तर अपघाताच्या दिवशी भरपाईच्या बाबतीत काय गत होईल, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा. तेव्हा वाट नाही म्हणून आडवाट धरू नये, वाट मागावी.

व्यापाऱ्यास हे पटवून देण्यास फार बोलावे लागू नये. आपल्या दुकानातील काटा बिघडला तर आपण तो दुरुस्त करतो. दुरुस्त केला म्हणून तो फेकून द्या, असे वजनमापे खाते म्हणत नाही. आणि दुरुस्त केला तो तसाच वापरा, असेही म्हणत नाही. पुन्हा तपासून घ्या, नवा शिक्का मारून घ्या, मग खुशाल तोला, असे ते म्हणते. काटा तोच राहतो, दुरुस्ती उघड होते, ग्राहकही निर्धास्त राहतो. मोटारसायकलीच्या बाबतीत याहून अधिक आम्ही काय मागतो?

आमच्या गावाचीच गोष्ट पाहा. मुधोळ पूर्वी हैदराबाद संस्थानातील नांदेड जिल्ह्याचा तालुका. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशाकडे गेली आणि आम्ही आदिलाबाद जिल्ह्याचे झालो. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये निर्मल जिल्हा झाला. वाहनांच्या पाट्यांवरील एपी जाऊन टीएस आले, आणि मार्च २०२४ पासून नव्या वाहनांस टीजी मिळू लागले. गावाचा सांगाडा इतक्यांदा बदलला, तरी मुधोळ परके झाले असे कोणी म्हटले नाही. प्रत्येक बदल दप्तरात तारखेसह नोंदला गेला, म्हणून आजही जुन्या फेरफारावरून नव्या सातबाऱ्यापर्यंत वा पट्टापुस्तकापर्यंत माग काढता येतो.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. इंग्लंडमध्ये पुष्कळ वर्षे गुणांचे एक कोष्टक वापरीत असत. मोटारसायकलीच्या सांगाड्यास ५, फोर्कला २, चाकांना २, इंजिनास १ व गिअरपेटीस १ असे गुण धरून किमान ८ गुण भरल्यास जुना क्रमांक कायम राही. मूळ सांगाडा नसला, तरी निर्मात्याकडून त्याच मापाचा नवा सांगाडा पावतीसह आणल्यास त्याचे ५ गुण मिळत. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील खात्याने, मूळ पद्धतीने केलेल्या दुरुस्तीच्या बाबतीत नियम आणखी सुलभ केले. ते कोष्टक जसेच्या तसे येथे आणावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु गाडी म्हणजे केवळ एक क्रमांक नव्हे, अनेक भागांचा मेळ होय, ही त्यातील दृष्टी घेण्यासारखी आहे.

आमच्या मते सांगाड्याच्या दुरुस्तीचे तीन प्रकार मानावेत. मूळ सांगाड्यातील सडकी नळी बदलली पण क्रमांकाचा सांधा शाबूत ठेवला, तर ती दुरुस्ती समजावी व व्हिंटेज नोंदणीस आडकाठी नसावी. त्याच नमुन्याचा, स्वतःचा क्रमांक असलेला जुना सांगाडा घातला, तर पोलिसांकडून चोरीची शहानिशा करून दोन्ही क्रमांक पुस्तकात लिहावेत. अगदी नवा, क्रमांक नसलेला सांगाडा घडविला, तर कारागिराचे बिल घेऊन, मजबुतीची तपासणी करून, परिवहन खात्याने स्वतः नवा क्रमांक द्यावा. शेवटच्या दोन्ही प्रकारांत जुना सांगाडा पंचनाम्यासह खात्याच्या स्वाधीन करण्याची सक्ती असावी, म्हणजे एका कागदावर दोन गाड्या उभ्या राहणार नाहीत. अशा गाड्यांची ‘पुनर्बांधित’ अशी वेगळी वर्गवारी करावी आणि वापरावर व्हिंटेजचीच बंधने ठेवावीत.

यावर असा आक्षेप येईल की, या सवलतीचा फायदा चोर घेतील. आक्षेप हलका नाही. परंतु चोराला आजही सवलतीची गरज नाही. तो क्रमांक ठोकतो आणि मोकळा होतो. अडतो तो खरे सांगणारा. जो नियम खरे सांगणाऱ्यास परत पाठवितो आणि खोटे ठोकणाऱ्यास ओळखत नाही, तो चोरीला आळा घालीत नाही.

तोवर ज्यांच्या घरी असे काम चालू आहे त्यांना आमची सूचना आहे. जुना सांगाडा भंगारात घालू नका, तोच तुमचा मुख्य पुरावा होय. शक्य तोवर मूळ सांगाड्याचीच दुरुस्ती करा. दुसरा घ्यावाच लागला तर विक्रेत्याकडून क्रमांकासह बिल घ्या व कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवा. अर्ज लेखी द्या, नकारही लेखी मागा. आणि नोंदणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका, अंगणातच चालवा. आमची गाडी आज तशीच अंगणात उभी आहे.

संघाच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, तिने सभासदांकडील अशा वाहनांची यादी करून केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडे व राज्य सरकारकडे एक रीतसर निवेदन धाडावे. आपल्या वडिलांनी ज्या वाहनांवरून हा धंदा गावोगाव नेला, ती वाहने खऱ्या कागदांसह पुढच्या पिढीच्या हाती जावीत, एवढीच आमची मागणी आहे. सुज्ञ वाचक तिचा विचार करतील अशी आशा बाळगून आम्ही हा लेख पुरा करतो.