भंगारातली गॅली आणि दारातली कचरावेचक

१९९० साली युकितो किशिरो यांची 'गन्मु' ही जपानी मांगा सुरू झाली. तिच्यात वर तरंगणारे झालेम शहर आपला कचरा खाली टाकते आणि खालची माणसे त्या भंगारावर जगतात. त्याच भंगारात डॉ. इडोला एक मोडकी सायबॉर्ग मुलगी सापडते. मेंदू मात्र जिवंत. तो तिला नवे शरीर देतो, गॅली हे नाव देतो. २०१९ च्या हॉलीवूडपटातली अलिटा ती हीच.

मित्र म्हणतात, डॉक्टरने तिला घडवले. आम्हाला हे मान्य नाही. स्मृती पुसली गेली तरी लढण्याची विद्या तिच्यात शिल्लक होती. तिने लढू नये असेच इडोला वाटत होते. लढायचे तिने ठरवले.

झालेम शोधायला जपान कशाला? पुण्याने आपला कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी मारला. तो वेचणाऱ्या बहुसंख्य बाया दलितच का? जात श्रमांबरोबर श्रमिकांनाही खालीवर रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले.

या बाया १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या. २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेसोबत कामाला लागली. डॉ. बाबा आढावांसारखे सोबती लाभले, त्यांचे ऋण आहेच. पण दारोदार फिरून हक्क मिळवला तो बायांनी.

मग पडद्यावरच्या गॅलीला टाळ्या आणि दारातल्या बाईला 'ए कचरेवाली'? तरुणांनो, उद्या सकाळी आधी तिचे नाव विचारा, आणि तिच्या मोर्चात मागे उभे राहा.

जय भीम!