आधी नस दुखली, मग कर्करोग झाला?

कर्करोगाचे निदान झाले की घरातले सगळे मागच्या दहा वर्षांची उजळणी करू लागतात. ‘चार वर्षांपूर्वी यांचे तोंड वाकडे झाले होते, त्यातूनच तर हे उद्भवले नसेल ना?’ किंवा ‘गालात करंट लागल्यासारखी कळ यायची, तेव्हाच आत काही शिजत होते का?’ मुखाच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्यांना हे प्रश्न नवे नाहीत. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात, म्हणजे जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक. एवढ्या मोठ्या संख्येत काहींना पूर्वी नसेचा विकार होऊन गेलेला असणार, हे ओघानेच आले.

तो विकार कर्करोगाचे कारण ठरतो का? असे मानायला आधार नाही. चेहरा वाकडा होण्याच्या ‘बेल्स पाल्सी’ या विकारात सातव्या नसेला सूज येते. एकदोन दिवसांत अर्धा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळते. बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. गालातली कळ, म्हणजे ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’, हे पाचव्या नसेचे दुखणे. मेंदूजवळ तिच्या मुळावर बहुधा एखादी रक्तवाहिनी दाबत असते. यात कुठेही तोंडाच्या अस्तरातल्या पेशी बिघडत नाहीत. त्या बिघडवतात तंबाखू, सुपारी आणि दारू. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. (‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ असे अभिमानाने सांगणारे अजूनही भेटतात.)

मात्र हाच प्रश्न उलटा विचारला तर उत्तर बदलते. कर्करोगामुळे नसेचे दुखणे होते का? होते. मुखाचा कर्करोग नसेच्या आवरणाच्या कडेकडेने सरकू शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणी अहवालात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ असा शेरा असेल तर त्याचा अर्थ हाच, आणि त्यावरून पुढे किरणोपचार द्यायचे का हे ठरवण्यास मदत होते. तेव्हा ‘जुना नसेचा विकार’ म्हणून फाइलमध्ये नोंदलेले दुखणे हीच कधी कधी कर्करोगाची पहिली चाहूल असते. नसेचा विकार झालेल्यांत पुढे कर्करोग जास्त आढळला, असा निष्कर्ष कुठे वाचनात आला तर आधी पाहावे की तो किती काळाने आढळला. वर्षभरातच आढळला असेल, तर तो बहुधा आधीपासूनच होता. दुसरे पाहावे, तंबाखूचा हिशेब धरला होता का.

हा फरक दवाखान्यात ओळखता येतो. न्यूराल्जियाची कळ विजेसारखी येते, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटे टिकते. दात घासताना, दाढी करताना किंवा वारा लागला की उठते. मधल्या वेळात गाल ठीक असतो. दुखणे सतत राहत असेल, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली असेल, जीभ एका बाजूने जड वाटत असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे. चेहरा एका रात्रीत वाकडा न होता हळूहळू लुळा पडत गेला, तीनचार महिन्यांत काहीच सुधारला नाही, किंवा पुन्हा त्याच बाजूला लकवा आला, तर स्कॅन करून गाठ नाही ना, हे पाहावे लागते. जिभेच्या कर्करोगात कान दुखतो, आणि रुग्ण महिनोन्महिने कानात थेंब घालत राहतो. दाढ काढूनही कळ न थांबलेले रुग्णही याच वाटेने येतात. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम बायोप्सीसाठी पाठवायची, मग फाइलमध्ये आधीचे काहीही निदान असो.

नसा आणि कर्करोग यांच्या नात्यावर नवे संशोधनही सुरू आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की ‘पी ५३’ हे जनुक गमावलेल्या मुखाच्या गाठी आजूबाजूच्या संवेदना वाहणाऱ्या नसांचे रूपच पालटतात, आणि त्या नसा गाठीच्या वाढीला मदत करू लागतात. उंदरांमध्ये ती नस छाटल्यावर गाठीची वाढ मंदावली. इथेही सुरुवात गाठीने केली आहे, नसेने नव्हे.

जुन्या दुखण्यापासून कर्करोगापर्यंत जाणारी एक वाट मात्र आपल्या घरांत खरीच आहे, ती मिश्रीची. दाढ किंवा हिरडी ठणकते म्हणून तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने लावायला सुरुवात होते. दुखणे जाते, मिश्री राहते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीचा डबा चुलीपाशीच असतो. कित्येक बायका तिला व्यसन मानत नाहीत, म्हणून ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. डॉक्टरांनी मिश्रीचे नाव घेऊन विचारायला हवे. त्यांनी नाही विचारले, तर सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने सांगावे.