'नातेवाईक उपलब्ध नाहीत' म्हणे!

आईबाप गेलेल्या, किंवा आईबाप असून सांभाळू न शकणाऱ्या मुलाची रवानगी बालगृहात झाली की एक समर्थन हमखास ऐकू येतं : "हल्ली कोण कुणाचं पोर सांभाळतं? त्यात मुंबईच्या जागा!" जोगेश्वरी-भांडुपमध्ये जन्म काढलेले लोकही असं बोलतात, याचं नवल वाटतं. कोकणातून, घाटावरून आलेले किती भाचे-पुतणे याच उपनगरांत काकाच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून शिकले, नोकरीला लागले. तेव्हा काय खोल्या ऐसपैस होत्या?

अडतं ते विचारण्याच्या पद्धतीत. काकाला अचानक फोन जातो, "मूल घेता का?" तो गांगरून "घरी विचारतो" म्हणतो, तोच नकार समजायचा आणि फाइल पुढे सरकवायची. याला शोध म्हणत नाहीत. घरात ठेवणं जमत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत कोण नेईल, क्लासची फी कोण भरेल, रविवारी भेटायला कोण जाईल, हे विचारलंच जात नाही. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथं गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठका होतात. त्यांचं वर्गणीचं पावतीपुस्तक उघडा : आत्या, मामा, चुलत आजोबा, खोली नंबरसकट सापडतील. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्यातच अशा मुलाबद्दल निर्णय घेण्यासाठी आख्खं गणगोत बोलावून बसवण्याची सोय केली. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करताना जे सहज जमतं, ते इथंच का अडावं?

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नातेवाईकाचा डोळा मुलाच्या खोलीवर असू शकतो. मुलीला घरातच धोका असू शकतो. खरं आहे. पण संस्थेची भिंत म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे 2011 मध्ये उघडकीस आलेल्या कळंबोलीच्या संस्थेतील अत्याचार प्रकरणाने दाखवलं. मूल कुठंही ठेवा, आधी गृहचौकशी आणि नंतर न सांगता भेटी, याला पर्याय नाही. खोलीचं म्हणाल, तर कोविडमध्ये अनाथ झालेल्यांच्या मालमत्तेवर लक्ष ठेवण्याचं काम 2021 साली जिल्हाधिकाऱ्यांच्या कृती दलांकडे दिलं होतंच. तीच राखण इतर मुलांना का नको?

"पैशासाठी घेतात" हा तिसरा आरोप. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला आधी 425 रुपये मिळत, 2021 मध्ये 1,100 झाले, 2023 मध्ये 2,250. एवढ्यासाठी अंधेरीत कुणी भाचा पोसायला घेत असेल, तर त्याचा हिशेबच कच्चा म्हणायचा! त्यासाठीही मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलासोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो हवा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशीचा प्रत्येक दाखल्यामागे खाडा पडतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. ती दारापर्यंत पोचवायची तर अर्ज बालसंरक्षण यंत्रणेच्या कार्यकर्त्यानेच भरावा, मावशीने नव्हे.

2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो आणि 'योग्य व्यक्ती' म्हणून मूल कुणाकडे सोपवण्याचा अधिकार बाल कल्याण समितीला देतो. मग "नातेवाईक उपलब्ध नाहीत" असा शेरा जिथं मारला जाईल, त्याच्याखाली कुणाकुणाला, कधी आणि नेमकं काय विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं, हे लिहिणं सक्तीचं करा. रकाना कोरा असेल तर आदेशावर सही होऊ नये.