भिजलेल्या चौकटीचा आधार

गेल्या भाद्रपदात एका काकूंच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. वय 78, रक्तदाब गोळीने आटोक्यात, स्मरणशक्ती उत्तम. आठ दिवसांपूर्वी त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लास्टर घातले होते. मी केवळ चौकशीसाठी गेलो होतो. काकूंनी डाव्या हाताने एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. तो स्टीलचा आधारदांडा होता. त्याच्या स्क्रूंच्या आट्यांत तपकिरी लाकडाचा भुगा अडकलेला होता.

‘डॉक्टर, तुम्ही सांगितलेला दांडा धरूनच पडले मी,’ त्या म्हणाल्या. स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते वाक्य मला अधिक लागले.

दांडा बसवा असे मीच त्यांच्या मुलाला सांगितले होते. तो कशात बसवायचा, हे मात्र सांगितले नव्हते. नव्या फरशीला भोके पडू नयेत म्हणून त्याने तो न्हाणीघराच्या लाकडी चौकटीला बसवून घेतला. वरून रंग चकचकीत होता. मी खिशातल्या किल्लीचे टोक चौकटीच्या खालच्या भागात टेकवले, तर ते लोण्यात शिरावे तसे आत गेले.

माझी दुसरी चूक त्याच खोलीत मला सापडली. न्हाणीघराची भिंत ही काकूंच्या खोलीचीही भिंत होती आणि त्यांच्या पलंगाचे उसे तिला लागून होते. गादी बाजूला केली तेव्हा भिंतीवर हातभर काळी बुरशी दिसली. सलग दोन पावसाळे मी काकूंच्या रात्रीच्या खोकल्यावर औषधे देत होतो. ‘पुण्याला लेकीकडे गेले की खोकला आठ दिवसांत थांबतो,’ असे त्या एकदा म्हणाल्याही होत्या. लेकीच्या हातचे जेवण मानवते, असे म्हणून मी ते हसण्यावारी नेले. घर सोडले की बरे वाटते, हे लक्षण रुग्णाने स्वतःहून सांगूनही वैद्याला ऐकू येऊ नये, याची खंत मला आजही वाटते.

लाकूड का कुजते?

केवळ पाण्याने लाकूड कुजत नाही. पाण्याच्या आश्रयाने वाढणारी बुरशी त्याला कुजवते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहिला, तर ही बुरशी सहसा वाढत नाही. तो 30 टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि तसाच टिकला, की ती लाकडातील बळकटी देणारे घटक खाऊ लागते. मग लाकूड तपकिरी होते, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात आणि चौकोनी ढलप्या सुटतात. सागाचा गाभा या बुरशीला बराच काळ दाद देत नाही. पण त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग, तसेच आंब्याचे लाकूड, लवकर बळी पडते. वरून लावलेला तैलरंग अशा वेळी उलट काम करतो, कारण आत शिरलेला ओलावा तो बाहेर जाऊ देत नाही.

भिंतीवरची काळी बुरशी ही लाकूड कुजवणाऱ्या बुरशीहून वेगळी असते. परंतु दोघींची तहान एकाच गळतीवर भागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वासातील घरघर आणि दम्याचा त्रास अधिक होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. वृद्धांचा दिवसातील बहुतांश वेळ त्याच खोलीत जातो, हे येथे ध्यानात घ्यावे.

परीक्षा कशी करावी?

यासाठी जाड दाभण किंवा स्क्रू-ड्रायव्हर पुरेसा आहे. न्हाणीघराच्या चौकटीचे जमिनीलगतचे दोन्ही पाय, खिडकीचा खालचा आडवा भाग, स्वयंपाकघरातील ओट्याखालचे कपाट आणि कौलारू घरात गळतीखालचा वासा, या जागी टोचून पाहावे. सशक्त लाकूड टोकाला विरोध करते. कुजलेले वाट देते. ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, रंगाला फुगवटे येणे, स्क्रू पुनःपुन्हा सैल होणे, हीदेखील लक्षणे आहेत. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर तेथे वाळवी आहे असे समजावे. तिचा उपचार वेगळा.

दुरुस्तीचा क्रम

रोगनिदानाआधी औषध देऊ नये, हा आमचा नियम येथेही लागू पडतो. प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे. काकूंच्या घरी भिंतीतील नळाचा सांधा झिरपत होता. तो दुरुस्त झाल्यावरच पुढचे काम सुरू झाले.

दुसरी पायरी वाळवण्याची. फुगलेला गिलावा काढून, खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून भिंत व लाकूड पूर्ण सुकू द्यावे. जुन्या भिंतीला काही आठवडेही लागतात. या काळात घाईने रंग देऊ नये.

तिसरी पायरी सुताराची. निकोप लाकूड लागेपर्यंत आणि तेथूनही वीतभर पुढे कुजका भाग कापावा. वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा तिरका सांधा करून जोडावा. जोडण्यापूर्वी त्याच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकाला, बुरशीरोधक द्रावण लावून ते वाळल्यावर प्रायमर द्यावा. चौकटीचा पाय फरशीवर न टेकवता दगडाच्या तुकड्यावर उभा केला, तर तो पुन्हा पाणी शोषत नाही. न्हाणीघराची चौकट संपूर्ण ग्रॅनाइटची करणे हा अधिक खात्रीचा उपाय. कुजक्या लाकडावर पुट्टी भरून रंग देणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे होय.

आधारदांडा लाकडी चौकटीला कधीही बसवू नये, ती नवी असली तरीही. तो पक्क्या विटेच्या वा काँक्रीटच्या भिंतीत, योग्य अँकर वापरून बसवावा. कोकणातील जांभ्याच्या भिंतीत साधा प्लग धरेलच असे नाही. तेथे आरपार बोल्ट घालून मागे पोलादी पट्टी द्यावी. बसवल्यावर घरातील धडधाकट माणसाने आपला संपूर्ण भार टाकून तो तपासावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी हलवून पाहावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

तोडफोड चालू असताना वृद्धांना आणि दम्याच्या रुग्णांना दुसऱ्या खोलीत, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावे. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांनी बुरशीच्या जवळही जाऊ नये. बुरशी कोरडी खरवडू किंवा झाडू नये. भिंत ओलसर करून, साबणाच्या पाण्याने पुसावी. त्या वेळी एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरावा. सुमारे दहा चौरस फुटांहून मोठा भाग असेल तर जाणकाराकडून काम करून घ्यावे. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

भिंत दुरुस्त झाली म्हणून इन्हेलर मात्र आपल्या मनाने बंद करू नये. दम, ताप, थुंकीतून रक्त किंवा वजनात घट असेल तर सारा दोष ओलीला देऊन थांबू नये, डॉक्टरांकडे जावे.

काकूंचे प्लास्टर दिवाळीपूर्वी निघाले. पलंग आता खिडकीकडच्या भिंतीजवळ आहे, भिंतीपासून हातभर दूर. खोकला पुष्कळ कमी झाला. पूर्ण गेला, असे मी म्हणणार नाही. मनगट अजून सकाळी आखडते. नवा दांडा भिंतीत बसला, तेव्हा मुलाने आधी स्वतः त्याला लोंबकळून दाखवले. काकूंना मात्र तो विश्वासाने धरायला आणखी महिना लागला. पडलेल्या माणसाच्या मनातली भीती हाडापेक्षा सावकाश सांधते.

वाचकहो, हा अंक वाचून झाला की घरातील न्हाणीघराच्या चौकटीला खाली एकदा टोचून पाहा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा, त्यांनी विचारले नाही तरी, झोपण्याच्या खोलीत ओल आहे की नाही ते आवर्जून सांगा. मी आता प्रत्येक खोकल्याच्या रुग्णाला ते विचारतो.