महागडा ग्रीन टी: चवीसाठी घ्या, औषध म्हणून नको

"डॉक्टर, कोणता ग्रीन टी चांगला?" हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वजन असतं. म्हणून आधी तेच सांगतो: ग्रीन टीने वजन उतरतं या आशेवर पैसे घालवू नका. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात याविषयीचे अभ्यास एकत्र तपासले गेले. वजनातली घट इतकी किरकोळ निघाली की तिला वैद्यकीय महत्त्व नाही. दोन-दोन चमचे साखरेचे तीन-चार कप सोडून तुम्ही बिनसाखरेचा ग्रीन टी घेऊ लागलात तर फायदा होईल, पण तो साखर सुटल्याचा. कोरा काळा चहा बिनसाखरेचा प्यायलात तरी तेच. झाड तर दोन्हींचं एकच; हिरव्या चहाची पानं खुडल्यावर लगेच तापवतात, म्हणून ती काळी पडत नाहीत, एवढंच.

मग घ्यायचाच नाही का? चव आवडत असेल तर जरूर घ्या, आणि चांगला घ्या. माझ्या मते खोक्यावर "स्लिम" किंवा "डिटॉक्स" लिहिलेल्या बॅगांपेक्षा दार्जिलिंग, निलगिरी किंवा कांगडा भागातला सुटा, अख्ख्या पानांचा चहा कधीही बरा. महाग वाटतो, पण हिशेब करा. समजा 100 ग्रॅम 600 रुपयांना मिळाला. एका कपाला 2 ग्रॅम पुरतात, म्हणजे 12 रुपये. तीच पानं दुसऱ्यांदा सहज उतरतात, म्हणजे कप पडला 6 रुपयांना. 25 बॅगांचं खोकं 170 रुपयांना घेतलं तर कप जवळपास 7 रुपयांना पडतो, आणि बॅगेत बहुधा चुरा असतो. पहिल्यांदा 50 ग्रॅमच घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्यांपासून लांब. चहा वास फार लवकर ओढतो.

"कडू लागतो हो" ही तक्रार मात्र बहुतेक वेळा उकळीची असते. आपल्याला चहा उकळायची सवय! तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग पिण्याचं साधं पाणी मिसळा, साधारण 80 अंश होतं. पानं दोन मिनिटं ठेवून गाळा. दुसऱ्या वेळी मिनिटभर जास्त. ओली पानं रात्रभर ठेवून सकाळी वापरू नका.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. चहा जेवणाबरोबर घेतला की डाळी-भाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया ॲनिमिक आढळल्या. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा, लोहाची गोळी चालू असेल तर तिच्याबरोबरही चहा नको. त्यात कॅफिन असतं, तेव्हा झोपेची तक्रार असणाऱ्यांनी संध्याकाळनंतर टाळावा. गरोदर असाल तर दिवसभरातला चहा-कॉफी सगळा मिळून मोजा.

आणि ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेऊच नका. कपातला चहा वेगळा, हा अर्क वेगळा. त्याच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. आधीच घेत असाल आणि डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर त्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. जाताना कॅप्सूलची बाटली बरोबर न्या.