हात मागसून उठता

गेल्या रविवारी रात्री साडेअकरा वाजता पुतण्या मालवणला घरी आला. सकाळी सातच्या एसटीने गेलेला मुलगा. शेवटची गाडी चुकली म्हणून कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून कट्टा गावापर्यंत आणि तिथून रिक्षाने. ताटात बांगड्याचं तिकलं गार होऊन पडलेलं. आजी म्हणाली, "जेवाक बस आधी." तो बसला, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हरलंय तेचा वायट वाटणा नाय. पण बटन दाबतंय आणि हात मागसून उठता. असा खेळतत काय?"

आठवडाभर मी या एका वाक्यावर अडकलो आहे. 

काय झालं ते थोडक्यात सांगतो. आपल्याच जिल्ह्यात 'टेक्केन ८' या लढतीच्या खेळाची स्पर्धा होती. प्रवेश फी दोनशे रुपये, चौसष्ट नावं, दोन टीव्ही, सकाळी दहाची वेळ. पहिली लढत दीड वाजता सुरू झाली. आयोजकांचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा माणसांची होते, आणि मला बोलायचंय ते स्पर्धेबद्दल.

माझ्या वयाच्या वाचकांना 'टेक्केन' ठाऊक असेल तो तिसरा. १९९७ साली आलेला, पार्लरमध्ये रुपयाची नाणी घालून आपण उभ्याने खेळलो तो. त्या मशीनला दांडा आणि बटनं जोडलेलीच होती. पडदा त्याच मशीनचा, त्यामुळे दाबलं की लागलं. आता पडदा कुणाच्या तरी घरचा असतो आणि सगळी गोम तिथेच आहे.

सोमवारी सकाळी पुतण्याने मला शेजारी बसवून हे दाखवलं. हा खेळ एका सेकंदात साठ चित्रं दाखवतो. खेळणारी मुलं त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सगळ्यात चपळ ठोसा साधारण दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे एका सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. आता घरातला मोठा टीव्ही चित्र पडद्यावर टाकण्याआधी त्याचे रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो. सिनेमा बघायला ते छान, पण त्यात वेळ जातो. टीव्ही एक दशांश सेकंद जरी मागे राहिला तरी सहा फ्रेम गेल्या. दहातल्या सहा! म्हणून टीव्हीत 'गेम मोड' नावाची सोय असते. ती लावली की टीव्ही ही सजावट बाजूला ठेवतो आणि चित्र लगेच पुढे करतो. रिमोटवर चार बटनं दाबायची, अर्ध्या मिनिटाचं काम. स्पर्धेच्या सभागृहातल्या एका टीव्हीवर ते केलेलं होतं, दुसऱ्यावर नव्हतं.

पुतण्याने आमच्या टीव्हीवरचा गेम मोड काढला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. मला जे जाणवलं ते गरवायला बसणाऱ्याला सांगितलं तर लगेच कळेल. गरीची दोरी ढिली असताना मासा ओढतो, पण बोटाला कळेपर्यंत आमिष गेलेलं असतं. अगदी तसंच.

स्पर्धेत मुलांनी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं की टीव्ही दोघांना सारखाच आहे, उशीर दोघांनाही सारखाच. ऐकायला न्याय्य वाटतं, पण ते खरं नाही. डोळे मिटून एकामागून एक लाथा झाडणाऱ्याला पडदा उशिरा चालला तरी फारसा फरक पडत नाही. मारा ओळखून, थांबवून, मग उलटा मारणाऱ्याचा मात्र सगळा खेळ बघण्यावर उभा असतो. या खेळात किंग नावाचा जग्वारचा मुखवटा घातलेला पैलवान आहे. त्याच्या कित्येक पकडींतून सुटायचं तर त्याचा डावा हात पुढे आला, उजवा आला की दोन्ही, हे बघून त्याप्रमाणे बटन दाबावं लागतं. पुतण्या सहा महिने त्याचाच सराव करत होता. उशिरा चालणाऱ्या टीव्हीवर तो हात दिसतो तेव्हा पकड पडलेली असते. म्हणजे ज्याने जास्त मेहनत केली त्यालाच हा टीव्ही जास्त मारतो.

दुसरी गोष्ट वेळेची. स्पर्धा 'दोनदा हरल्यावर बाद' अशी जाहीर झाली होती. एकदा हरलेला खालच्या गटात जातो आणि तिथून लढत वर येऊ शकतो. जगभर या खेळांच्या स्पर्धा अशाच होतात, कारण लढत चार-पाच मिनिटांची असते आणि एका चुकीवर माणूस घरी पाठवणं कुणालाच पटत नाही. पण मग गणित करायला हवं. चौसष्टांपैकी त्रेसष्ट जण दोन-दोनदा हरणार, म्हणजे एकशे सव्वीस लढती. बसणं, कंट्रोलर जोडणं धरून एका लढतीला दहा मिनिटं. दोन टीव्हींवर हे साडेदहा तासांचं काम आहे, तेही कुणी जेवायला न उठता. दहाला सुरू केलं असतं तर साडेआठ वाजले असते, दीडला सुरू केल्यावर मध्यरात्र. आदल्या रात्री कुणीतरी कागद घेऊन बसलं असतं तर हे दिसलं असतं. मग आणखी दोन टीव्ही मागवता आले असते, नाहीतर अर्ध्या मुलांना दहाला आणि अर्ध्यांना दुपारी बोलावता आलं असतं. बत्तीस नावांवर थांबलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

त्याऐवजी संध्याकाळी पाचला, स्पर्धा निम्मीही झाली नसताना, माईकवरून सांगण्यात आलं की आता एकदाच हरलं तरी बाद. दुपारी हरून खालच्या गटात थांबलेली वीसेक मुलं तिथेच संपली. त्यात वेंगुर्ल्याहून आईबरोबर आलेली एक मुलगी होती. पुतण्या म्हणतो, तिथल्या सगळ्यांत तिचाच बचाव चांगला होता. ती पहिली लढत त्याच उशिरा चालणाऱ्या टीव्हीवर हरली आणि दुसरीसाठी साडेतीन तास खुर्चीत बसून राहिली. तिची आई दर अर्ध्या तासाने टेबलाकडे जाऊन विचारायची, "आता नंबर येतलो ना?" आणि दर वेळी तिला "येतलो" असंच सांगितलं जायचं. त्या बाईंनी रविवारचा पूर्ण दिवस, दोघींचं एसटीचं भाडं आणि घरातली कामं मोडून मुलीच्या खेळाला मान दिला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला अशा खेळासाठी दुसऱ्या तालुक्यात घेऊन जाणाऱ्या आया आपल्याकडे किती आहेत? त्यांना परत जाताना कुणी साधं "थांबलात, माफ करा" एवढंही म्हटलं नाही. पुतण्याचं हरणं मी विसरेन, पण हे विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट. एका लढतीत ऐन माऱ्यात पडद्यावर मधेच पाटी आली आणि खेळ थांबला. आधीच्या खेळाडूने आपला बिनवायरचा कंट्रोलर तसाच दप्तरात टाकला होता. त्याची जोडणी कुणी तोडली नव्हती, आणि दप्तरात बटन दाबलं गेलं. बाहेरच्या स्पर्धांत प्रत्येक लढतीनंतर जोडणी तोडायची हा शिरस्ताच असतो, आणि ज्याच्यामुळे खेळ थांबेल त्याची ती फेरी जाते हेही आधी सांगितलेलं असतं. इथे नियम काय, ते टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. नाणं उडवून निर्णय झाला. ज्याचा मारा चालू होता तो हरला. त्याने आवाज चढवला तेव्हा त्याला सांगितलं गेलं, "अरे गेमच तर आसा, इतक्या कित्या मनार घेतंस?"

हेच वाक्य सगळ्या गोंधळाचं मूळ आहे असं मला वाटतं. पैसे कमी होते हे मी समजू शकतो, पण छोटी सुरुवात ही सबब होत नाही. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये चाळीस खेळाडूंची अशीच एक छोटी स्पर्धा झाली होती, तीच पुढे 'एव्हो' या नावाने या खेळांतली जगातली सगळ्यात मानाची झाली. २०१९ साली लाहोरचा अर्सलान ॲश व्हिसा आणि विमानांच्या अडचणींतून वाट काढत जपानला पोचला आणि तिथली 'टेक्केन'ची एव्हो जिंकला. त्याच वर्षी लास व्हेगासचीही जिंकला. लाहोरच्या पार्लरमध्ये शिकलेला मुलगा. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. पुढच्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर'ला पदक होतं. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. सुवर्ण घेतलं कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वय चव्वेचाळीस. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कुणी "गेमच तर आहे" म्हणालं असतं का?

आणि नियमाची, बरोबरीची, पंचाच्या शब्दाची जाण मालवणला नवी आहे असंही नाही. आपल्याकडे लढतीचा एक खेळ फार जुना आहे, आणि तो किती काटेकोर चालायचा ते मी डोळ्यांनी बघितलंय. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरून मानाचा नारळ वाजतगाजत येतो, समुद्राला अर्पण होतो, आणि मग बंदरावर नारळ लढवायला सुरुवात होते. खाली एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने वरून आपला हाणायचा. फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. आता बायकांच्या स्पर्धा मोठ्या होतात, गर्दी मावत नाही. माझ्या लहानपणी आमच्या आळीतही दुपारपासून लढती चालायच्या आणि एक म्हातारे आजोबा पंच असायचे.

ते खुर्चीवर बसत नसत. उकिडवे बसायचे, म्हणजे नारळ डोळ्यांच्या पातळीला येई. लढत लागली की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी माका दाखवा, मगे लढवा." दोन्ही नारळ हातात घेऊन कानाशी हलवायचे. पाणी वाजलं पाहिजे. मग नारळाच्या तीन डोळ्यांवरून अंगठा फिरवायचे, कुणी भोक पाडून आत काही भरून मेण लावलंय का ते बघायला. मग नखाने टिचकी. टणक करवंटीचा आवाज बारीक आणि कोरडा येतो, चिरलेल्या नारळाचा बसका. चिरलेला निघाला तर ते तो परत द्यायचे, "दुसरो घेवन ये," आणि दुसरा येईपर्यंत समोरच्याला थांबवून ठेवायचे. पोरगा सात वर्षांचा असो की होडीवरचा तांडेल, दोघांच्या नारळांना तेवढाच वेळ. धरणाऱ्याची बोटं कुठवर असावीत, मारताना टोक कुठे लागावं, हे ते प्रत्येक लढतीआधी मोठ्याने सांगायचे. आम्हाला ते पाठ होतं तरीही सांगायचे.

एकदा माझा नारळ त्यांनी तिसऱ्यांदा टिचकी मारून बघितला. मी घाई करत होतो, कारण समोरचा मुलगा मला हरणार म्हणून चिडवत होता. आजोबांनी माझा नारळ माझ्या कानाला लावला आणि स्वतः टिचकी मारली. "आयकलंस?" आवाज बसका होता. माझा नारळ आधीच मेलेला होता आणि मला ते माहीत नव्हतं. त्यांनी मला घरी पाठवलं, मी पळत जाऊन दुसरा आणला, आणि तोही फुटला. पण तो फुटला तेव्हा मी मुठीत धरून होतो आणि समोरच्याने खरा मारला होता. त्या हरण्याबद्दल माझ्या मनात आजवर काही नाही.

हे सगळं मी पुतण्याला परवा सांगितलं. त्याने मधेच विचारलं, "म्हणजे ते टीव्ही तपासूचे?" मी म्हटलं, तसंच काहीसं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग उठून वही आणली आणि लिहायला लागला: टीव्ही चार, गेम मोड आधी तपासायचा, नावं बत्तीसच, नियम सुरुवातीला वाचून दाखवायचे, बाहेरगावच्या मुलांच्या लढती आधी. शेवटचं त्याला वेंगुर्ल्याच्या मुलीवरून सुचलं. पण आधी पुढच्या सुट्टीत आमच्या पडवीत आठ जणांची स्पर्धा भरवून बघायची असं ठरलंय. "पुढच्या टायमाक खंयय गेलंय तरी टीव्ही मी घेवन जातलंय," असंही तो म्हणाला, आणि ते तो खरंच करेल.

मग त्याला नारळाचा आवाज ऐकायचा होता. माजघरातून दोन आणले. कानाशी धरून टिचक्या मारत बसला, बराच वेळ, डोळे मिटून. एक मला दिला, एक स्वतः ठेवला. आजी आतून ओरडली की तिला सारासाठी खोबरं हवंय, खेळत बसू नका. अंगणात बसून लढवले. माझा पहिल्याच माऱ्यात फुटला. त्याने तो उचलला, पाणी अर्धं मला दिलं आणि दोन्ही भकलं आजीकडे नेऊन दिली.